सगळ्यात जाड तंगूस

हिगाशी-कसाईकर मराठी मंडळी, आत्ताच घरी पोचले. केस अजून ओले आहेत.

चिबाच्या समुद्रात कयाकमधून बुरी धरायला गेले होते. बुरी म्हणजे इथला मोठा, ताकदवान मासा. काल दुकानात गळाची दोरी घेताना नवरा हट्टालाच पेटला. "सगळ्यात जाड तंगूस घे, मासा सुटता कामा नये." मी गळाजवळचा तुकडा मुद्दाम बारीक घेतला, कयाक उलटण्याआधी तो तुटावा म्हणून. घरी येईपर्यंत नवरा कुरकुरत होता.

आज सकाळी बुरी लागला आणि थेट कयाकखाली शिरला. गळाची काठी कडेला दाबली गेली, कयाक कलंडली, गार पाणी अंगावर आलं. सोबतच्या कयाकमधून सातो-सान काठी सोड म्हणून ओरडत होते, पण मला काठी सोडवेना. तेवढ्यात बारीक तुकडा तटकन तुटला आणि कयाक सरळ झाली. मासा गेला, मी वाचले.

घरी नवऱ्याने माशाच्या कालवणासाठी नारळ खवून ठेवला होता. त्याने माशांची रिकामी पेटी पाहिली, सगळं ऐकलं आणि पिठल्यासाठी कांदा चिरायला घेतला.

तुमच्याकडे अशा वेळी काय बोलतात? आमच्याकडे आधी अख्खा कांदा चिरून झाला. मग तो मान खाली घालूनच म्हणाला, "पुढच्या वेळी याहून बारीक घे."