उमरावाच्या तीन बायका आणि पुसलेली रेघ

नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळ शॉमबर्गला राहत होतो. लेक सातवीत होती. तिला शाळेने मध्ययुगातल्या एका फ्रेंच उमरावाची वंशावळ काढायला सांगितली, आणि शेजारी आपल्या घराण्याची, फोटो चिकटवून. तेव्हा माझी सासू सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. सासू म्हणजे माझी सख्खी आत्याच. तिने भावाची मुलगी सून करून घेतली. मामाची मुलगी करायची पद्धतच आहे आमच्यात, त्यामुळे लग्नात कुणी भुवईसुद्धा उंचावली नव्हती.

उमरावाने मात्र माझं डोकं फिरवलं. पहिली बायको बारा वर्षं नांदली, दोन मुली झाल्या, आणि मग चर्चला शोध लागला की नवराबायकोचे खापरपणजोबा एकच. सबब, हे लग्न झालंच नव्हतं! मुलगा झाला नाही हे खरं कारण, एवढं मलाही कळलं. दुसरी बाळंतपणात गेली. तिसरी तर पहिलीच्याच नात्यातली निघाली, पण ती चालली. का चालली, देव जाणे. मी तीनदा रेघा ओढल्या आणि तीनदा पुसल्या.

लेकीने मान वर केली. "आई, त्यांचे खापरपणजोबा सेम होते तर मॅरेज कॅन्सल केलं. तुझे आणि बाबांचे तर आजोबाच सेम आहेत."

"आपल्यात चालतं."

"मग क्लासमध्ये काय सांगू? सगळे हसतील."

तिच्या जिवाला लागलं होतं. मला शरम वाटली, आणि शरम वाटल्याचा संतापही आला. चूक कुणाची, आमची, चर्चची की त्या मेल्या उमरावाची, काही उलगडेना. शेवटी आमच्या तक्त्यात आत्याला माझ्या वडिलांशी जोडणारी रेघ मी पुसून टाकली. दोन वेगळी घराणी, मध्ये एक लग्न. छान सुटसुटीत दिसायला लागलं. आत्याला काही बोलले नाही.

शनिवारी शाळेत सगळे तक्ते भिंतीवर लावले होते. आत्या साडीवर कोट घालून हौसेने आली. स्वतःचा फोटो सापडल्यावर खुदकन हसली. मग तिचं बोट फोटोच्या आजूबाजूला फिरत राहिलं. माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. तिचा एकुलता एक भाऊ.

"दादा तिकडे लांब का गं?" तिने नातीला विचारलं.

"आजी, ती लाइन आईने इरेज केली."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पुढच्या तक्त्याकडे वळली.

तोवर ती मला लहानपणापासूनची 'पोरी' हीच हाक मारायची. त्या दिवसापासून परत जाईपर्यंत तिने मला सूनबाई म्हटलं.