मांडीवरची पिशवी

समस्त पुणेकरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, चपला दाराबाहेर न काढता कापडी पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसणारी या शहरातली एकमेव बाई आता राहिलेली नाही. महिन्यापूर्वी हंसाबेनच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी इतकी घाबरले की आधी विचारलं, "पिशवी कुठंय?"

हंसाबेन आफ्रिकेतल्या कंपालाहून आलेल्या. तिथे त्यांचं कापडाचं दुकान होतं. परक्यांनी देश सोडावा असा हुकूम निघाला, एका दुपारी सैनिक दारात आले आणि बाई अनवाणी निघाल्या. हडपसरला त्यांनी शाळेच्या गणवेशांचा कारखाना काढला, पुढे पक्षात गेल्या, शहर उपाध्यक्ष झाल्या. चपला मात्र कधी नजरेआड केल्या नाहीत. आमचे अध्यक्ष अण्णा म्हणायचे, "बेन, आम्ही मतं चोरतो, चपला नाही." त्या हसायच्या, आणि पिशवी आणखी घट्ट धरायच्या.

त्यांची मराठी भाषणं मी लिहून द्यायचे. एका निवडणुकीआधी पक्षानं ठरवलं, रस्त्यावरच्या परप्रांतीय भाजीवाल्यांना उठवायचं, आणि भाषण हंसाबेननी करायचं. तिकीट त्यावरच अडलं होतं. बाहेरच्यांनी निघून जावं, हे मी चांगलं चार वेळा लिहिलं. झोकात लिहिलं. त्यांनी ते वाचलं, कागद उलटा ठेवला आणि विचारलं,

"नाही बोलले तर?"

"तिकीट जाईल."

"तिकिटाचं नाही गं. मलाही जा म्हणतील?"

मी कागदावरची एक ओळ खोडली आणि पुन्हा तीच लिहिली.

सभेला कार्यकर्ते काठ्या घेऊनच आले होते. पलीकडे भाजीवाले हातगाड्या धरून, पळायच्या बेतात. प्रतिमेला हार घालायला हंसाबेननी चपला काढल्या आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, तिथेच सोडून माइकपाशी गेल्या. चेहरा पांढराफटक. माझा कागद घडी करून कमरेला खोचला. म्हणाल्या, "बाहेरची तर मी पण आहे. माझ्यापासून सुरू करा."

आता काठ्या व्यासपीठाकडे वळतात की काय... पण पुढच्या रांगेतली निम्मी पोरं त्यांनीच शिवलेले गणवेश घालून शाळेत गेली होती. एकानं काठी हळूच पाठीमागे लपवली. मग दुसऱ्यानं.

भाजीवाले राहिले, तिकीट गेलं. भीती मात्र गेली नाही. अगदी शेवटपर्यंत दाराची बेल वाजली की त्या आधी पिशवी उचलायच्या, मग दार उघडायच्या.

शोकसभेत सुनेनं ती पिशवी माझ्या मांडीवर आणून ठेवली. "हंसाबेन आपल्याच होत्या," असं अण्णा गहिवरून बोलले. बाहेर आलो तर अण्णांच्या चपला गायब. भर दुपारी डांबर तापलेलं. अण्णा एक पाय उचलत होते, मग दुसरा. माझ्या हातातल्या पिशवीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते सगळ्यांदेखत बोलून गेले, "बेन उगाच घाबरत नव्हत्या हो."