टेबलावरची टकटक

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण बाजारामागच्या गल्लीत खरं नाव विचारत गेलात तर शेजारचा शिंपीसुद्धा डोकं खाजवेल. बंद पडलेला कॉम्प्युटर टेबलावर आला की हा बटण दाबायचा, डोळे मिटायचा, मान वाकडी करून ऐकायचा आणि स्क्रू काढायच्या आधीच निदान सांगायचा. पंख्याची घरघर, पॉवर सप्लायचं गुणगुणणं, आतला स्पीकर बिघाडाप्रमाणे मोजून करतो ती पीपपीप, सगळं त्याला कळायचं. लोक म्हणायचे, याला मुंगी चाललेली ऐकू येते. असं कुणी म्हटलं की हा नुसता हसायचा, पण दिवसभर खूश असायचा.

त्याचा एक नियम होता आणि तो त्यानं हाताखालच्या सगळ्यांकडून घोकून घेतला होता. बंद मशीन आलं की आधी हार्ड डिस्कची वायर काढायची, मग बाकीची डॉक्टरकी. मशीन मेलं तर दुसरं मिळतं, डिस्कवरचं गेलं की गेलं. स्वतः मात्र तो हा नियम पाळायचा नाही. डिस्क धडधाकट असेल तर फिरताना मऊ घूं असा आवाज येतो, आजारी असेल तर टकटक करते. बटण दाबताच त्याला ते समजायचं. टकटक आली तर वायर काढायची, नाही आली तर कशाला उगाच हात लावा? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण इतकी वर्षं कान खरे निघाले होते, तेव्हा त्याला बोलणार कोण?

आणि मग कान जायला लागले. एकदम नाही, चोरपावलांनी. आधी दाराची बेल गेली, मग पक्षी गेले, मग बायका-मुलांच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं. पुरुषांचे जाड आवाज तेवढे बरे ऐकू यायचे. त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ओठांकडे बघायचं. पीपपीप मोजायची वेळ आली की आपण वायर धरल्याचं सोंग करायचं आणि "तुम्ही जरा मोजा हो" म्हणून वेळ मारून न्यायची. ज्याला सगळं गाव कानसेन म्हणतं त्यानं, मी बहिरा झालो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

ताईचा फोन आला तो अशा दिवसांत. "कॉम्प्युटर सुरूच होत नाही रे. आणि नात रविवारी येतेय." एवढं त्याला समजलं आणि बाकीचं समजायची गरजच नव्हती.

त्या कॉम्प्युटरमध्ये भावोजींचा आवाज होता. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. उभा जन्म त्यांनी बस स्टँडवर गाड्यांची नावं पुकारली. आवाज असा, की उशीर झालेल्या गाडीची घोषणासुद्धा माणसं मुकाट्यानं ऐकून घ्यायची. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत घशाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात कानसेननं स्वतः जोडून दिलेल्या या कॉम्प्युटरसमोर भावोजी रोज दुपारी बसले आणि त्यांनी गोष्टी रेकॉर्ड केल्या. कोल्ह्याच्या, राक्षसाच्या, आणि हरवलेल्या बसची एक, स्वतः रचलेली. लेकीला तेव्हा दिवस गेले होते. जन्माला येणाऱ्या बाळानं आजोबांना ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. नात आता चार वर्षांची होती, गोष्ट कळायच्या वयाची. आजोबा म्हणजे न बोलणारा माणूस, अशीच तिची समजूत होती.

कॉपी? कॉपी नव्हती. "पुढच्या खेपेला पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवतो," असं कानसेन चार वर्षं म्हणत होता. दर खेपेला चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, पेन ड्राइव्ह दुकानातच राहिलेला असायचा.

तो पिशवी घेऊन गेला तेव्हा सकाळचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. भावोजी खुर्चीत बसले होते, गळ्याशी पांढरा रुमाल, पुढ्यात लिहून पुसायची पाटी. त्यांनी पाटीवर लिहिलं, "आले का सरकार?" आवाज होता तेव्हाही ते दारात हेच म्हणायचे. कानसेन हसला, जागा करायला पाटी बाजूला सरकवली आणि कॅबिनेटचं झाकण काढून नेमकं तिच्यावरच ठेवलं.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. कानसेननं सवयीनं डोळे मिटले, मान वाकडी केली. टकटक काही ऐकू आली नाही. म्हणजे डिस्क ठीक. सवय मोठी वाईट. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की कान गेले आहेत.

"ताई, मी इथे वायर धरतो, तू पीप मोज."

"एक लांब वाजली. थांबली. परत एक लांब."

म्हणजे बहुतेक रॅम. तरी त्यानं आधी पॉवर सप्लाय बदलून पाहिला, कारण घरचं काम म्हटल्यावर कसर नको. बटण दाबलं, बंद केलं. केबल बदलली, परत दाबलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे पिवळे दात खोडरबरानं घासले, एक बसवली, दाबलं, बंद केलं. ती काढून दुसरी बसवली. दर वेळी बटण दाबलं की डिस्क आपली फिरायला लागत होती, आणि कानसेनचं लक्ष पडद्यावर होतं.

मध्येच भावोजींनी टेबलावर बोट वाजवलं. टक, टक, टक. थांबले. परत टक, टक, टक. कानसेनला बोट तेवढं दिसलं. पाटी शोधायला भावोजींनी हात लांबवला, तर तिच्यावर झाकण, झाकणावर स्क्रू मांडलेले. त्यांनी मेहुण्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि पुन्हा तेच वाजवलं.

"थांबा हो भावोजी, घाई कसली एवढी? तुमची गाडी चुकत नाही."

ताई हसली. भावोजीही हसल्यासारखं करून हात मांडीवर घेऊन बसले. ज्याचं नावच कानसेन, त्याला आवाज काय दाखवायचा, असं त्यांना वाटलं असणार.

दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली आणि पडदा उजळला. ताईनं टाळी वाजवली. "लागलं! अहो, लागलं बघा!" भावोजी खुर्चीतून अर्धे उठले. कानसेन ऐटीत हात पुसत होता. तेवढ्यात पडद्यावर पांढरी ओळ आली, की डिस्क सापडत नाही.

त्यानं डिस्कवर तळहात टेकवला. हाताला धक्के लागत होते. तीन धक्के, थोडं थांबणं, परत तीन धक्के. मग खरखर, आणि मग काहीच नाही.

त्यानं झटकन वीज बंद केली. "ताई, कसला आवाज येत होता का?"

"टकटक ना? ती तर सकाळपासून चाललीये."

"मग बोलली नाहीस?"

"मी तुला सांगायचं?" ताईला प्रश्नच कळेना. "तुला ऐकू येत होतीच ना?"

भावोजी त्याच्याकडे बघत होते. त्यांनी हळूच टेबलावर बोट टेकवलं आणि वाजवलं. तीन टकटक, थोडं थांबणं, परत तीन. मघाचंच. आत्ता मात्र कानसेननं ते नीट पाहिलं, आणि बघता बघता त्याचा चेहरा पडला. ज्या माणसाला तोंडानं सांगता येत नव्हतं त्यानं बोटानं सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, आणि यानं त्याची थट्टा केली होती.

डिस्क घेऊन तो दूरच्या शहरात गेला. तिथे काचेच्या बंद खोलीत डिस्क उघडून आतलं काढतात. काउंटरवरचा माणूस भला होता, पण त्याचा आवाज बारीक. त्याला एकच गोष्ट तीनदा सांगावी लागली, तिसऱ्यांदा ओरडून, आजूबाजूची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं. आतल्या चकतीवर चरे पडले आहेत, काहीच निघणार नाही. पहिली टकटक आली तेव्हाच वायर काढली असती तर बरंच वाचलं असतं. परतीच्या गाडीत डिस्क मांडीवर घेऊन तो लहान पोरासारखा रडला.

ताईला त्यानं सगळं सांगितलं. कानांचंही सांगितलं. ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही, एवढं एक वाक्य बोलायला तुझं काय जात होतं रे? यांना बोलता येत नाही म्हणून आम्ही लपवलं का कुणापासून?" ती रागानं म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं, पण तिचा आवाज रडवेला होता आणि तो त्यालासुद्धा ऐकू आला.

दुकानात त्यानं नवी पाटी लावली, "जरा मोठ्यानं बोला." हल्ली बंद मशीन आलं की तो आधी डिस्कची वायर काढतो, कुठलंही मशीन असो. चुकल्यावर पाळलेल्या नियमाचं कौतुक कोण करणार?

नात ठरल्या रविवारी आली, नंतरही येत राहिली. एकदा कानसेन तिथे असताना तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून तोंड वर करून विचारलं, "आजोबांचा आवाज कसा होता?" ओठ बघून त्याला कळलं. ताई दारात थबकली.

आवाज त्याला लख्ख आठवत होता. त्यातला खर्ज, गाडीचं नाव घेण्याआधीचा तो किंचित विसावा, सगळं. त्यानं घसा खाकरला, छाती भरून घेतली आणि पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावं..."

आला तो त्याचाच आवाज, चिरका, बहिऱ्या माणसाचा असतो तसा नको तितका मोठा. नात खुदकन हसली. ताई आत निघून गेली. भावोजींनी पुढे होऊन त्याच्या हातावर बोट टेकवलं. हल्ली त्याला काही सांगायचं तर ते टेबलावर वाजवत नसत. मग त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "असाच होता."

तसा नव्हता. दोघांनाही ते माहीत होतं. कानसेननं मान डोलावली आणि डोळे पुसले. तेवढ्यात नातीनं पाटी ओढून घेतली, फ्रॉकनं पुसली आणि तिच्यावर बस काढायला बसली.