ट्रंकेत ठेवलेल्या गोळ्या

मंचरच्या पुढे एका रिसॉर्टवर पाच वर्षं मी पोहण्याच्या तलावाची देखभाल केली. तळ घासायचा, पडलेली पानं काढायची, क्लोरीनच्या गोळ्या टाकायच्या. गोळी पांढरीशुभ्र, पेढ्याएवढी, आणि वास असा की नाकात झिणझिण्या येतात. पुढे दोन-तीन वर्षं पावसाने ओढ दिली. तलाव भरायला पाणी मिळेना, तेव्हा मालकांनी तो बुजवून वर हिरवळ लावली. उरलेला गोळ्यांचा डबा मला देऊन म्हणाले, "कुठं तरी टाकून दे." टाकून देणाऱ्यांतला मी नव्हे.

अवसरीला घरी डबा गोठ्यात ठेवला आणि गोळ्या कुठे कुठे कामी लावता येतील, याच्या मागे लागलो. धुण्याच्या टाकीत टाकल्या, संडासात टाकल्या, टोमॅटोच्या ठिबकच्या नळ्यांत शेवाळ धरलं तेव्हा तिथेही. पिण्याच्या पाण्यात टाकल्या नाहीत, तेवढी अक्कल होती. आलेल्या माणसालाही मी सोडत नसे. "पावणं, दोन घिऊन जा राव, लई कामाची वस्तू हाय." आई म्हणायची, "लोक जाताना शेंगा बांधून देत्यात, आन् ह्यो वास बांधून देतोय." डब्याशेजारी टांगलेला विळा महिन्याभरात गंजून लाल झाला. मी तो नुसता दुसऱ्या खुंटीला टांगला.

आईची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात सगळ्यात खाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, माझ्या थोरल्या बहिणीचा ड्रेस होता. ताई सतराव्या वर्षी काविळीने गेली, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. शिवणक्लासला जाऊन तिने तो मोरपंखी पंजाबी ड्रेस स्वतः शिवला होता, गळ्याभोवती बारीक आरसे लावले होते. दोनदाच घातला. तिचा फोटो म्हणावा तर शाळेतला एकच, त्यातही ती मागच्या रांगेत, पुढच्या मुलीच्या वेणीआड अर्धी. दरवर्षी दिवाळीच्या आधी आई तो ड्रेस काढायची, ओसरीवर सावलीत पसरायची आणि त्याच्याजवळ बसून राहायची. त्या दिवशी तिला कोणी काम सांगत नसे.

एका वर्षी शिमग्याच्या सुमाराला आईला ट्रंकेमागे झुरळं दिसली. "मंचरला चाललायस तर डांबरगोळ्या आण," ती म्हणाली. मी विसरलो. पुढच्या खेपेला पुन्हा विसरलो. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा माझा पारा चढला. घरात गोळ्यांचा डबा भरलेला असताना विकत कशाला आणायच्या? रंगाने पांढऱ्या, वासाने त्यांच्यापेक्षा जहाल. कामावर माझ्या पँटीला या गोळ्यांच्या पाण्याने पांढरे डाग पडलेले होते, म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कोरडी गोळी काही करत नाही, ही माझी हुशारी. सात-आठ गोळ्या फडक्यांत बांधून मीच ट्रंकेच्या चारी कोपऱ्यांत ठेवल्या आणि झाकण घट्ट बसवलं.

दिवाळीच्या आधी झाकण निघेना. बिजागऱ्या गंजून धरल्या होत्या. मी पहारीचं टोक घालून उचकटलं, तशी भपकन वाफ आली आणि आम्ही दोघं खोकत बाहेर पळालो. थोड्या वेळाने आईने आत जाऊन लुगड्याचं गाठोडं उचललं. लुगडं तिच्या हातात फाटलं. आतला ड्रेस पिवळट पांढरा पडला होता. तिने बाही धरली, तर बाही तेवढी हातात आली. आरसे गळून ट्रंकेच्या तळाशी खडखडले.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. झुरळ मात्र एकही नव्हतं.

आई ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "मीच मागितल्या व्हत्या." हे तर माझ्याने ऐकवेना. तिने सगळ्या चिंध्या ओसरीवर आणल्या, नेहमीसारख्या पसरल्या आणि शेजारी बसली. मी समोर बसलो.

तुटलेली बाही सारखी करत तिने विचारलं, "तुला आठवती का रं ती? मला ह्ये समोर आसलं म्हंजी तिचं त्वांड आठवायचं."

"आठवती की," मी म्हणालो.

"सांग बरं, कशी व्हती."

मी सांगायला लागलो. तोंड गोल, रंग सावळा. भुवया जवळ आलेल्या. हसताना डावा गाल जरा वर जायचा. हनुवटीवर गोंदलेला एक ठिपका.

ताईने कधी गोंदवून घेतलं नव्हतं. तो ठिपका आईच्या हनुवटीवर होता. इतका वेळ मी आईकडे बघून सांगत होतो.

आईचा हात एकदा हनुवटीकडे गेला आणि पुन्हा मांडीवर आला.

"व्हय," ती म्हणाली. "तशीच व्हती."