दारापुढचा धुरा

आमच्या गल्लीला लोक ‘रोड’ म्हणायला लागले, तिथूनच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. यवतमाळच्या बाहेरच्या अंगाला आमची वस्ती. आधी रस्ता खडीचा होता आणि पावसाळ्यात त्यातल्या खड्ड्यांत म्हशी बसायच्या. मग डांबर पडलं, आणि ते थेट मोठ्या दवाखान्याच्या मागच्या फाटकापर्यंत नेलं. गल्लीत पेढे वाटले गेले. झालं, मारेगावकडून येणाऱ्या गाड्यांना बाजारातून फिरून जायचं कारण उरलं नाही. काळ्या-पिवळ्या जीपा, टेम्पो, कापसाचे ट्रॅक्टर, सगळे आमच्या दारावरून जायला लागले.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आणि फवारणीची औषधं अशी की अळीआधी फवारणाऱ्यालाच लागायची. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, डोक्याएवढी वाढलेली असे. पाठीवर पंप घेऊन माणूस तिच्यात शिरला की फवारा त्याच्याच तोंडावर येई. अशी विष चढलेली माणसं जीपमध्ये घालून आणत. गाडीच्या वेगावरून आम्हाला कळायला लागलं होतं. दवाखान्याकडे जाणारी जीप सुसाट, हॉर्न दाबून धरलेला. कधीकधी तीच जीप परतताना अगदी हळू येई. हळू आली की बाया डोक्यावर पदर घेत आणि दार लोटून घेत.

मला चिंता होती ती आईची. घरात आम्ही दोघीच. मी शाळेत शिकवायला जायचे आणि ती दिवसभर एकटी. सत्तरी ओलांडलेली, कानांनी जवळजवळ बहिरी. तिचं जाणं-येणं एकच होतं, रस्त्यापलीकडच्या गादीवाल्यांचं घर. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणारं मुसलमान कुटुंब ते. त्या घरातल्या म्हातारीला सगळी वस्ती बडी अम्मा म्हणे. जेवण झालं की आई रस्ता ओलांडून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. बडी अम्मा अंदाजाने गादीला टाके घाली आणि आई त्यांच्याच पिंजलेल्या कापसाच्या वाती वळी. देवाला लागतील त्याच्या कितीतरी जास्त वाती.

“आपल्या देवाला रोज दिवाळी आहे का गं?” मी विचारायचे.

“वाती काय, होतात,” ती म्हणायची. “बोलनं व्हावं लागते ना मानसाचं.”

बडी अम्माच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चार हातांपलीकडचं तिला काही दिसत नसे. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला दिसत नाही, दोघी मिळून एक धड म्हातारी होते, असं मी चिडवायचे. दोघी खुशाल हसायच्या.

एका दुपारी आई रस्ता ओलांडत असताना एका जीपचा आरसा तिच्या खांद्याला लागला. ती पडली आणि मनगट मोडलं. जीप थांबली नाही. गादीवाल्याने, म्हणजे बडी अम्माच्या मुलाने, तिला उचलून घरी आणलं. मी शाळेतून धावत आले तेव्हा ती मलाच समजावत होती. “त्याइच्या गाडीत पेशंट होता बाई. पाय बाहेर आलते त्याचे.”

“पाय येवोत नाहीतर डोकं येवो. माणूस दिसत नाही का यांना?” मी म्हटलं. मला संताप आवरत नव्हता.

हात गळ्यात अडकवून आई खिडकीशी बसून राहायला लागली. तिचं तोंड उतरलं. “मले पल्याड नेऊन सोड ना,” म्हणायची. नेऊन सोडलं तर आणायचं कोणी, हा प्रश्न. अम्माला तर तिच्या घरचे ओट्याखाली उतरूच देत नसत. मग मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी या रस्त्यावर ब्रेकर पाहिजे.

रविवारी गादीवाल्याच्या ओट्यावर सगळे जमले. ब्रेकर हवा यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. कुठे टाकायचा, यावर मात्र जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवायला लागला. कोणाला धुळीचा त्रास, कोणाला रेतीच्या ट्रकच्या फाळक्याचा आवाज सहन होत नव्हता. गादीवाल्याची सून गरोदर होती, तिला दचकायला नको म्हणून तोही खाली पाहत होता. शेवटी एका वयस्कर शेजारणीने मनातलं बोलून टाकलं.

“परत येनारी गाडी बी तिथंच थांबन ना बाप्पा. कोनाच्या दारापुढे थांबवता ते?”

वर झालेली बोटं खाली आली. तिरडीचा विसावा गावाबाहेर असतो, कोणाच्या उंबऱ्यासमोर नसतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला त्या खाली आलेल्या बोटांचीच चीड आली.

“माझ्या दारापुढे टाका,” मी म्हटलं. “आम्हा दोघींचं काय व्हायचं राहिलंय?”

लगेच चहा आला. इतका पटकन चहा मी त्या ओट्यावर कधी पाहिला नव्हता.

विरोध एकट्याने केला. गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहणारा बंजारा ड्रायव्हर होता, जवळच्या तांड्यावरचा. स्वतःची काळी-पिवळी चालवायचा आणि तांड्यावरचे पेशंट तोच आणायचा. माझ्या आईला तो त्याच्या बोलीतली हाक मारायचा, याडी, म्हणजे आई.

“बाई, मी नाई म्हणत नाई,” तो विजेच्या खांबाला टेकून म्हणाला. “याडी पडली, मले लय वाईट वाटलं. पन पेशंट मांगं आडवा असते. गाडी उसळली का तो ओकते, अन्‌ ते त्याच्या श्वासात जाते. डॉक्टर म्हनते हलवू नका. अन्‌ म्हनते उशीर बी करू नका. आता हे दोन्ही कसं करावं मानसानं?”

“बाजारातून जात जा.”

“बाजारातून गाडी निंघते काय, बाई?”

“माझ्या आईचा हात तुमच्यातल्याच एखाद्या गाडीनं मोडला ना?”

“व्हय,” तो म्हणाला.

व्हय म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा त्याचाही वर झाला, खांद्यापर्यंतच.

निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे नगरसेवकाला एक फोन पुरला. सिमेंट-गिट्टीची ट्रॉली आली आणि मजूर आले. आसपासच्या गावांतली माणसं होती ती. त्या साली वेचायला कापूसच नव्हता, म्हणून मिळेल ते काम धरत होती. नगरसेवकाने “मजबूत बांधा” एवढंच सांगितलं आणि तो निघून गेला. आता या माणसांनी जन्मभर जमिनीवर आडवं काय बांधलं असेल, तर शेताचा धुरा. दोन वावरांमधला बांध. उंच, वरून निमुळता, पलीकडे पाणी जाऊ नये असा. त्यांनी मनापासून तेच बांधलं. फावड्याच्या पाठीने थापून थापून दोन्ही उतार गुळगुळीत केले. मी त्यांना चहा दिला. जरा उंच वाटलं खरं, पण उंच आहे तेच बरं असं मला वाटलं.

सिमेंट सुकलं तोवर गल्लीने नाव ठेवून टाकलं होतं. “हे ब्रेकर नोहे, धुरा होय.” पुढे सगळे धुराच म्हणायला लागले.

धुऱ्याने काम चोख केलं. गाड्या जागच्या जागी थबकत, आधी पुढची चाकं चढत, मग पोट घासत, मग मागची चाकं. प्लॅस्टर निघाल्यावर आई काठी घेऊन फाटकाबाहेर पडली आणि थबकलेल्या ट्रॅक्टरपुढून रमतगमत पलीकडे गेली. बडी अम्मा ओट्यावर तिचा आवाज ऐकून उठून उभी राहिली. मला फार बरं वाटलं. आयुष्यात एक काम तरी आपण पुरं केलं, असं वाटलं.

ते काही टिकलं नाही. इतकी वर्षं दवाखान्याच्या गाड्या म्हणजे माझ्यासाठी एक आवाज होता. आता त्या माझ्या फाटकासमोर थांबायच्या. बाईच्या मांडीवर डोकं ठेवलेला माणूस, त्याच्या तोंडाला फेस, अंगातला सदरा औषधाने भिजलेला. गाडी घासू नये म्हणून बरोबरचे लोक धुऱ्याआधी उतरत आणि गाडी पलीकडे गेली की मागून धावत जाऊन लटकत. कधी दोघंजण चालत्या गाडीतच पेशंटला हातांवर उचलून धरत, धक्का बसू नये म्हणून. मी फाटकाशी दुधाची पिशवी घेऊन उभी असायचे आणि त्यांतली एखादी बाई माझ्याकडे पाहायची. ती रागाने पाहायची असंही नाही. तिला फक्त समोर जे होतं ते दिसत होतं, आणि समोर मी होते.

आई पाण्याचा तांब्या घेऊन फाटकात जायला लागली. पाणी कोणी पीत नसे. एकदा तिने मला विचारलं, “हे लोक आपल्याच दारात काहून थांबतात?”

“ब्रेकर आहे म्हणून.” तिच्या कानाशी मोठ्याने सांगावं लागलं.

“कोनासाठी टाकला?”

“तुझ्यासाठी.”

त्या दिवशी ती पलीकडे गेली नाही.

मग एका दुपारी त्या ड्रायव्हरची जीप आली. मला सुट्टी होती. जीप धुऱ्याच्या बरीच अलीकडे थांबली. आत त्याचा धाकटा भाऊ होता, दुसऱ्याच्या वावरात फवारायला गेलेला, आणि भावाची बायको. ड्रायव्हर उतरला, त्याने धुऱ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाला, “बाई, डोकं धरा.”

मी डोकं धरलं, त्याने खांदे, भावाच्या बायकोने पाय. गादीवाला धावत आला आणि त्याने रिकामी जीप धुऱ्यावरून पलीकडे नेली. आम्ही त्या पोराला चालत धुऱ्यापलीकडे घेऊन गेलो. त्याची मान माझ्या हातात गरम होती आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. माझ्या साडीला त्या औषधाचा जो वास लागला, तो नंतर धुतल्यानेही गेला नाही. जीप सुटली तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभी होते.

दिवस मावळायच्या आत जीप परत आली. हळू. बायांनी पदर घेतले, दारं लोटली. मला माझं दार लोटता येईना. त्याने इतक्या अलगद धुरा चढवला, जसा काही आतला झोपला आहे आणि त्याला उठवायचं नाही.

पुढे तो भेटला तेव्हा मी विचारलं, “धुऱ्यामुळे उशीर झाला का?”

“डॉक्टर म्हने, सकाळीच आनला असता तं.”

“पण तो जो वेळ गेला इथं...”

“मले नाई माहीत, बाई. तुमाले बी नाई माहीत. राहू द्या आता.”

ओट्यावर पुन्हा बैठक झाली. ठेवायचा की फोडायचा? सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण धुरा माझ्या दारापुढचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी मीच म्हटलं, अर्धा फोडा. दवाखान्याच्या गाडीला वाट राहील आणि बाकीच्यांना धाक. सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्धं काही केलं की आमच्याकडे कोणालाच वाईट वाटत नाही. पलीकडच्या बाजूला गादीवाल्याचा ओटा आणि विजेचा खांब पुढे आलेले, तिथून गाडी निघाली नसती. म्हणून घण पडले ते आमच्या बाजूला.

दोन दिवसांत गाडीवाल्यांना उमगलं. दवाखान्याचीच काय, दुधाची, रेतीची, वरातीची, यच्चयावत गाडी त्या फटीकडे वळायला लागली, आणि तीही न थांबता, आमच्या फाटकाला घासून. आई जिथे पाय ठेवायची, बरोबर तिथून. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मी फटीत दगड ठेवायचे. लांबून हॉर्न ऐकू आला की धावत जाऊन उचलायचे, न जाणो आत कोणी असेल. बहुतेक वेळा नसायचं. मग शिव्या घालत परत ठेवायचे. शाळेत गेले की कोणीतरी ते उचलून फेकलेले असत.

एका संध्याकाळी मी अशीच दगड उचलून बाजूला झाले, तर आई फाटकात उभी. तिने सगळं पाहिलं होतं. ती आत गेली, पाट आणला, कापसाची पिशवी आणली आणि फाटकाच्या आतच बसली.

“मी आता इथंच बसतो,” म्हणाली. “दगड ठेवू नको. जाऊ दे त्याइले.”

“आणि बडी अम्मा?”

“दिसते मले ती. बस झालं.”

तेव्हापासून ती रोज तिथेच बसली. पलीकडून बडी अम्मा हाक मारायची, ती आईला ऐकू येत नसे. आई तिचा मोडून जुळलेला हात वर करून हलवायची, तो बडी अम्माला दिसत नसे. मी घरी असले तर आईच्या कानाशी वाकून सांगायचे की अम्माने हाक मारली. ती खुश होऊन पुन्हा हात हलवायची आणि माझ्याकडे वळायची.

“पाह्यलं काय तिनं?”

“पाहिलं,” मी म्हणायचे.