आडवी वाटणी

मारेगाव तालुक्यातल्या त्या गावात उतारावरचे शेत उभेच वाटायची रीत आहे. माथ्यावर मुरमाड बरड, मध्ये भुरकी हलकी माती आणि पायथ्याशी खोल काळी. दोर वरून खाली धरला की प्रत्येकाच्या पदरात तिन्ही पडतात. कौसल्याबाईंचा नवरा वारला आणि धाकटे दीर बबनराव यांनी दोर आडवा धरला. भुरकीसकट काळी स्वतःकडे ठेवली, बरड भावजयीला दिली. "वहिनी, वरतं तण कमी. तुमाले सोपं जाईन," असे वर म्हणालेही.

 दर पावसाळ्यात कौसल्याबाईंच्या वावरातली उरलीसुरली मऊ माती वाहत जाऊन दिरांच्या काळीत बसे. मग त्यांनी धोंडे वेचून उतारावर आडव्या ताली, म्हणजे दगडी बांध, रचायला घेतल्या. प्रत्येक धोंडा त्या दिराचे नाव घेऊन ठेवत, असे त्यांची सून संगीता सांगते. मागे माती अडली, तुरीने मूळ धरले.

यंदा पाऊस हटेना. बरडातले पाणी झिरपून गेले. तूर टवटवीत राहिली. काळी मात्र पाणी सोडीना, त्यात वरच्या वावरातले जादा पाणी काढून देणारा सांडवाही तिथेच उतरे. खालची कपाशीची पऱ्हाटी पिवळी पडू लागली, तेव्हा बबनराव धापा टाकत वर आले.

"वहिनी, सांडवा नाल्याकडं वळवा न. पऱ्हाटी मरून राह्यली."

"मरू द्या न, भाऊजी. वरतं येऊन पेरा. इथं तण कमी हाये."

"मस्करी काहून करता?"

"बरं, नाही करत. दोर आना. उभी वाटणी करा, मंग वळवतो."

बबनराव शिव्या घालत उतरले. पण पऱ्हाटीची मुळे कुजल्याचा वास घरापर्यंत येऊ लागला, तसे चार जाणत्यांना आणि दोर घेऊन परतले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत खुंट्या ठोकल्या गेल्या. अर्धी काळी कौसल्याबाईंना मिळाली, अर्धे बरड तालींसकट दिरांकडे गेले. त्याच संध्याकाळी कौसल्याबाईंनी शब्दाप्रमाणे सांडवा वळवला. भांडण मिटले, असे गाव म्हणाले.

सकाळी त्या दिरांच्या नव्या पट्ट्यात शिरल्या आणि ताली उपसू लागल्या.

"आत्याबाई, राहू द्या न आता," संगीता कळवळली. "काळी भेटली न आपल्याले."

"काळी भेटली. गेलेले सालं कुठं भेटले?"

बबनराव पळतच आले. "माह्या वावरातले धोंडे कायले उचलता?"

"वाटणी मातीची झाली, भाऊजी. धोंडे मी येचले होते."

टेकडीमागे पुन्हा आभाळ भरत होते. ताली नसलेल्या बरडावरचा मुरूम आता खाली कुणाच्या काळीत उतरणार, हे बबनरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी हात जोडले.

कौसल्याबाईंनी पुढच्या धोंड्याला हात घातला. "संगीता," त्या म्हणाल्या, "टोपलं धर."