अक्का उठल्या की पान खोडायचं

धुळ्याच्या बसस्थानकावर अमळनेरची गाडी लागायची वाट बघत होते. पिशवीत नव्या पटकथेची पानं होती, शेवट तेवढा सुचत नव्हता आणि तोच नानांना विचारायला निघाले होते. तेवढ्यात नानांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, फोन आला. “तुना नाना गया, माय,” एवढंच बोलल्या... त्याला आता दीड महिना झाला.

नानांनी मुंबईत वीस-बावीस वर्षं सिनेमे आणि मालिका लिहिल्या, मग अमळनेरला परत आले. मी शाळामास्तरीण, लिहिण्याची खाज असलेली. पहिली पटकथा घेऊन गेले तेव्हा त्यांनी पानांना हातही लावला नाही. ओट्यावर अक्का शेंगा फोडत होत्या. “हिला सांग,” म्हणाले. मला रागच आला, पण सांगू लागले. पुढचं ऐकायचं असलं की अक्का “मंग?” म्हणायच्या. नायिकेचं बालपण सुरू झालं आणि त्या उठून दूध बघायला आत गेल्या. नाना म्हणाले, “बठ्ठं ठीक शे. बाकी सगळं राहू दे, बालपणाची बारा पानं तेवढी काढ. ती उठली तिथे प्रेक्षकही उठतो.”

मी भांडले. त्या बारा पानांवर माझी अख्खी उन्हाळी सुट्टी गेली होती. हट्टानं तीच पटकथा मुंबईला नेऊन ऐकवली, तर नेमक्या त्याच पानांवर निर्माते मोबाइल चाळत बसले. मी तोंड पाडून परत आले. नाना ‘सांगितलं होतं ना’ असं चुकूनही म्हणाले नाहीत, नुसते कोरे कागद पुढे केले. सिनेमा झाला तो त्या बारा पानांशिवाय. पुढे नाना एकेक शिकवत गेले. संवाद मोठ्यानं वाच, जीभ अडखळली तर खोड. कबूल केलेल्या दिवशी पानं पाठव, कच्ची असली तरी पाठव. आणि पात्राचं मन भरून आलं की त्याला भाषण देऊ नकोस, हाताला काम दे. आज मला लोक लेखिका म्हणतात ते या माणसामुळे. हे त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही, ही रुखरुख मोठी आहे.

ती रुखरुख मी नव्या पटकथेच्या शेवटात ओतली. नायिका आपल्या म्हाताऱ्या गुरुजींचे आभार मानते, चांगले पानभर. निर्मात्यांना चार दिवसांत पटकथा द्यायची होती, म्हणून गेल्या आठवड्यात अमळनेरला गेले. नानांची वेताची खुर्ची भिंतीशी तशीच होती. अक्का ओट्यावर सुपात शेंगा घेऊन बसल्या होत्या. “सांग,” म्हणाल्या. सांगत गेले, “मंग?” येत राहिलं. आभारांचं भाषण सुरू झालं, तशा अक्का उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी खुर्चीकडे बघितलं. मग पेन काढलं आणि ते पान खोडलं. रडू येत होतं... अक्कांचं सूप पुढे ओढलं आणि शेंगा फोडू लागले. अक्का चहा घेऊन आल्या, सुपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “मंग?”